थंड मुलखी फणस फळास आला त्याची हकीकत

श्री. धरित्रीस साष्टांग दंडवत, सूर्यनारायणास त्रिवार मुजरा. शके सोळाशें नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, ते समयीं उत्तरेकडील थंड मुलखी खेळोजीराव महाराज राज्य करीत होते. मुलूख सुपीक, परंतु पौषमासी ऐसी थंडी पडे कीं पानावरील दंव गोठोन पांढरें होई आणि कोवळें झाड एका रात्रीत काळें पडे. महाराजांचें लग्न समुद्रकांठच्या लाडूबाईसाहेबांशी जाहलें आणि बाईसाहेब सासरीं आल्या त्या पालखीत फणसाचें रोप मांडीवर घेऊन आल्या. मग महाराजांच्या मातुश्री द्वारकाबाईसाहेब, त्याही समुद्रकांठच्याच, रोप पाहतांच त्यांचा चेहरा उतरला आणि बोलिल्या, "सूनबाई, फणस लावूं नका. मी नवी नवरी असतां तीन लाविले. तीनही डोळ्यांदेखत गेले. चौथा जातां मजच्यानें पाहवणार नाही."

लाडूबाईसाहेबांनी पायांवर डोकें ठेविलें आणि अर्ज केला, "आपण मोकळ्या पटांगणी लाविले. मी दक्षिणतोंडी तटाशीं लाविते. दगड दिवसभर तापतो, उत्तरेचा वारा तटावर अडतो. एकवार लावूं द्यावें." मातुश्री उठोन गेल्या आणि तेव्हांपासोन त्या अंगणाकडे फिरकल्या नाहींत, आणि सुनेशीं बोलणेंही कामापुरतेंच राहिलें. हें बाईसाहेबांस फार लागलें, परंतु रोप लाविलें तें लाविलें. बुडाशीं पालापाचोळा घातला, उन्हाळ्यांत सावली केली, स्वहस्तें पाणी घातलें, पहिले हिंवाळे सौम्य गेले आणि झाड पुरुषभर उंच जाहलें.

मग एके वर्षीं पौषांत महाराज मोहिमेस निघावयाचे, डेरे राहुट्या उंटांवर लादिल्या, तों तिसरे प्रहरीं वारा अगदीं पडला आणि आभाळ निवळ जाहलें, ही रात्रीं कडक दंव पडण्याची खूण. बाईसाहेबांनी झाडावर घालावयास आपले शालू आणविले. इतक्यांत मातुश्री स्वतां अंगणांत येऊन उभ्या ठाकल्या आणि मोठ्यानें म्हणाल्या, "शालू काढा! मी झाडास शालच पांघरविली होती. शाल दंवानें भिजली, पानांस चिकटली आणि गोठली. पांघरूण पानास लागतां कामा नये. डेरा उभा करा, उंच, चहूंकडोन बंद. आंत शेगड्या ठेवा. आणि ऊन आहे तोंवर जमीन भिजवा, ओली माती ऊब धरिते."

ऐसें ऐकतांच बाईसाहेबांनी शालू बाजूस टाकिले. मग पदर खोवोन स्वतां घागर उचलिली.

झाड झांकेल एवढा डेरा एकच, महाराजांचा जरीचा. सेनापती हात जोडोन बोलिले, "महाराज, या डेऱ्यांत थोरले महाराज उतरत असत."

महाराज हांसोन म्हणाले, "मग आज ते फणसाखालीं उतरले म्हणा. मोहीम उद्यां. उंट सोडा!"

तेव्हां जे भालाइत लढाईस निघाले होते त्यांनी खुंट्या ठोकिल्या, निखारे वाहिले, आणि सासूसुना डेऱ्यांत शेगड्यांपाशीं बसल्या. मातुश्री म्हणाल्या, "तुजवर रागावले नव्हते गो. पुन्हां तेंच पाहावें लागेल म्हणोन भ्याले." बाईसाहेबांनी त्यांचे गारठलेले हात आपल्या हातीं घेतले.

सूर्योदयीं पाहतात तों बागेंतील केळी करपोन आडव्या पडिल्या, हौदावर बर्फाची पांढरी साय धरिली. कनात उचलिली. फणस हिरवागार उभा! फक्त एक डहाळी, जेथें कापड टेकलें होतें, तेवढीच काळी. भालाइतांनी ऐसी आरोळी ठोकिली कीं शत्रूचा किल्ला घेतला तेव्हांही ठोकिली नव्हती. महाराजांनी चौघडा वाजविला आणि मगच मोहिमेस कूच केलें.

पुढें दरसाल डेरा उभा राहूं लागला, झाड डेऱ्याहोन थोर जाहलें, खोड जून जाहलें, मग त्यास थंडी बाधेना. आणि एके वसंतीं बुंध्याशीं हिरवी काटेरी कुयरी, म्हणजे फणसाचें कोवळें फळ, दिसली. ज्येष्ठांत फळ पिकलें, त्याचा घमघमाट सदरेपर्यंत गेला आणि परमुलखीचा वकील बोलतां बोलतां थांबोन विचारूं लागला, "हा कसला सुवास?"

हातांस, विळीस तेल लाविलें आणि फळ फोडिलें. देवास नैवेद्य जाहला. मग बाईसाहेबांनी पहिला गरा मातुश्रींपुढें धरिला, तों मातुश्रींनी तो घेऊन सुनेच्याच मुखीं घातला. म्हणाल्या, "जिनें लाविला, तिनें आधीं." मग आपण एक खाल्ला. गरा मऊ, रसाळ, जिभेवर विरला. मातुश्री लहान मुलीसारख्या टाळी वाजवोन ओरडल्या, "बरका! अगो, बरका हा! कापा नव्हे!" आणि हांसतां हांसतां डोळे पुसूं लागल्या. महाराजांच्या मिशांस चीक लागला, सेनापतींचीं बोटें एकमेकांस चिकटलीं, आणि वकिलानें दुसरा गरा मागोन घेतला. किल्ल्यावरोन तोफा सुटल्या.

सारांश, थंड मुलखी फणस झाला. आठळ्या रयतेंत वांटिल्या आणि दक्षिणतोंडी भिंत रिकामी राहिली नाहीं. लेखकाच्या दारींही एक आहे. यंदा त्यास नऊ फळें लागलीं. इति हकीकत, घडली तैसी लिहिली.