आगाशेबाईंचा कॉम्प्युटर मुका झाला

आमच्या समोरच्या आगाशेबाईंशी बोलायला तुम्हाला तीन मिनिटं मिळतात. चौथं मिनिट आजवर कोणाला मिळालेलं नाही. बाईंची अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ट्रंककॉलची तीन मिनिटं भरली की सूचना द्यायची, ती सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. आपण बोलत असतो, बाई घड्याळाकडे बघत असतात. "वेळ झाली," म्हणतात आणि दार लावतात. सोसायटीच्या चेअरमनना त्यांनी गच्चीच्या गळतीच्या मधोमध असं तोडलं होतं.

गेल्या महिन्यात एका शनिवारी त्यांच्या कॉम्प्युटरचा आवाज गेला. मी खराडीला आयटीत, म्हणून मदतीला गेलो.

"तुमच्या ऑफिसात आवाज गेला तर तुम्ही स्वतः दुरुस्त करता?"

"नाही, आम्ही तक्रार टाकतो. मग माणूस येतो."

"मग बसा. लाइन मी तपासते."

एका टोकापासून सुरुवात करायची आणि एकही जोड सोडायचा नाही, ही त्यांची पद्धत. स्पीकर माझ्या मोबाईलला जोडला. वाजला. "स्पीकर निर्दोष. पुढे." वायर बदलली. "वायर निर्दोष. पुढे." आवाजाची पट्टी शंभरावर होती.

"रीस्टार्ट करून बघायचं का?" मी म्हटलं.

"तीनदा केला. आपण नुसते बघा."

साडेचार वाजले. दुकानातून माणूस बोलवू या, असं मी सुचवलं.

"तो सोमवारी येणार. पेपरही सोमवारी आहे."

कसला पेपर, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

शेवटी सेटिंगमध्ये 'आउटपुट'पाशी त्यांचं बोट थांबलं. आवाज स्पीकरला न जाता नव्या मॉनिटरकडे जात होता, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता.

"राँग नंबर!" बाई ओरडल्या. "कॉल लागत होता हो, पण राँग नंबरला!"

त्यांनी यादीतून स्पीकर निवडला, आणि सकाळपासून मुकं चाललेलं रेकॉर्डिंग बोलू लागलं; खोलीत त्यांचाच आवाज घुमला. मागणी आणि पुरवठा. बी. ए.चं अर्थशास्त्र, प्रकरण सातवं.

"हडपसरची मुलगी आहे," बाई स्क्रीनकडेच बघत म्हणाल्या. "तिला दिसत नाही. मी पुस्तक वाचून पाठवते. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला, तर तिने काय करायचं? म्हणून आधी ऐकून तपासते."

"हल्ली मोबाईल वाचून दाखवतो की."

"वाचतो. श्वास न घेता."

त्यांनी पुस्तक उघडलं आणि ओळींवर पेन्सिल ठेवून ऐकू लागल्या. मी उठलो, हे त्यांना कळलंही नाही. दारात चपला घालत होतो, तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये पान उलटल्याचा आवाज आला. मग अर्थशास्त्र बाजूला ठेवून त्यातल्या बाई हळूच म्हणाल्या, "दमली असशील तर थांब गं जरा. पाणी पी. मी आहे इथे."