पुलाव झाला, गाडी आली

आमच्या देशात गाडी आधी विकली जाते आणि नंतर तयार होते. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माणूस सगळे पैसे भरतो, रांगेत नाव लावतो आणि घरी येऊन अंगण झाडून ठेवतो. गाडी तीन महिन्यांत येते, असं सांगतात. कुठल्या तीन महिन्यांत, हे विचारणं असभ्य समजलं जातं.

मी ताश्कंदच्या वाहन विक्री व उत्पादन अंदाज कार्यालयात कनिष्ठ अंदाजक आहे. येत्या वर्षी किती गाड्या विकल्या जातील आणि किती तयार होतील, हे आम्ही आधीच ठरवतो. अंदाज नेहमी वाढीचा असतो. उगवत्या बाजारपेठेत घट दाखवली तर बाजारपेठ नाराज होते, असं आमचे प्रमुख तुल्किन अका, म्हणजे तुल्किनदादा, म्हणतात. त्यांच्या आधीच्या प्रमुखांनी एकदा घट दाखवली होती. ते आता वाळवंटाच्या कडेला उंटांच्या संख्येचा अंदाज बांधतात.

मीही एक पांढरी गाडी नोंदवली होती. पांढरीच, कारण दुसऱ्या रंगाची गाडी घेणाऱ्याच्या तब्येतीची लोक चौकशी करतात. माझं झिलोलाशी लग्न ठरलं होतं आणि तिच्या वडिलांची, एर्गाश अमाकींची म्हणजे काकांची, एकच अट होती.

"हे बघ दोनियोर," चहाचा वाडगा माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "पोरगी मी गाडीतूनच पाठवणार. थोरलीला न्यायला नुसती रांग लागली होती गाड्यांची, हॉर्न वाजवून वाजवून गल्ली बहिरी केली होती. तू एक तरी आण. गाडी दारात लागली की दुसऱ्या दिवशी लग्न."

"वसंतात येईल, अमाकी. आमच्याच कार्यालयाचा अंदाज आहे."

"तुमच्याच कार्यालयाचा आहे म्हणून तर धास्ती वाटतेय."

वसंत आला. जर्दाळू फुलले, फळले, बाजारात येऊन संपलेसुद्धा. गाडी आली नाही. कारखान्यात सीटच्या पट्ट्यांची बकलं परदेशातून यायची होती आणि ती वाटेत कुठल्या तरी बंदरात विश्रांती घेत होती. विक्री आमच्या अंदाजाबरहुकूम झाली होती. तयार मात्र निम्म्याच गाड्या झाल्या होत्या.

"अंदाज चुकला," मी बैठकीत म्हणालो.

कुणीतरी पटकन खिडकी लावून घेतली.

"अंदाज चुकत नसतो, बाळा," तुल्किन अका मायेने म्हणाले. "उत्पादन चुकतं. मला सांग, गाडी तयार झाली हे आपण मोजतो कसं?"

"कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली की."

"म्हणजे देशाची प्रगती एका फाटकावर टांगलेली? उद्या फाटकाची कडी गंजली तर?" त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "नवी गाडी आली की माणूस काय करतो?"

"गल्लीला पुलाव घालतो," सगळे एका सुरात म्हणाले.

"गाडी आल्याशिवाय कुणी गल्लीला पुलाव घातलाय, असं ऐकलंय कधी?"

ऐकलं नव्हतं. आमच्याकडे दारात उभी राहिली म्हणून गाडी आपली होत नाही. शेजाऱ्यांनी पुलाव खाऊन, ओंजळ पसरून दुवा दिली की होते. ज्याने पुलाव चुकवला त्याच्या गाडीला लोक वर्षभर 'ती कुणाची तरी उभी आहे' म्हणतात.

"मग फाटकावर कशाला उभं राहायचं?" तुल्किन अका म्हणाले. "पुलाव मोजा."

त्याच आठवड्यात आदेश निघाला: ज्या वाहनाचा पुलाव संपन्न झाला आहे ते वाहन उत्पादित समजण्यात यावे. आदेशाचा मसुदा मीच लिहिला होता. भाषेबद्दल माझं कौतुकही झालं.

प्रत्येक महल्ल्याला पुलावांचं लक्ष्य देण्यात आलं. आमच्या महल्ल्याच्या अध्यक्षा महबूबा ओपा, म्हणजे सगळ्यांच्या ताई, सकाळीच दारात उभ्या.

"काय गं, कढई कधी चढवतेस?" त्यांनी आईला विचारलं.

"गाडी कुठं आलीय, ओपा?"

"येईल गं गाडी! गाडी काय पळून जातेय? पलीकडच्या महल्ल्यात रोज पुलाव शिजतोय आणि आपल्याकडे ज्याला बघावं तो सूप पितोय. मला शहरात तोंड दाखवायला जागा नाही. पिवळी गाजरं मी पाठवते, मटणाचं तू बघ."

आईने पुलाव घातला. गल्ली जेवली. दुंब्या मेंढ्याच्या शेपटीतल्या चरबीचे तुकडे कुणाच्या वाट्याला जास्त आले यावरून जुनं भांडण नव्याने झालं. शेवटी सगळ्यांनी ओंजळ पसरून, चाकं कधी खड्ड्यात न जावोत, अशी दुवा दिली. ती आजतागायत फळली आहे.

दुसऱ्या दिवशी माझं नाव रांगेतून काढून टाकण्यात आलं.

"तुम्हाला गाडी मिळालीय," नोंदणीच्या खिडकीतली बाई म्हणाली. "आता रांगेत उभं राहणं म्हणजे हावरटपणा झाला."

"ताई, गाडी आलेलीच नाही!"

"पुलाव झाला ना?"

"झाला."

"मग तुमची काय लबाडी चाललीय? गल्लीला फुकट का जेवू घातलं तुम्ही?"

घरी आलो तर वाहतूक हवालदार दारात पावती फाडत होता. अस्वच्छ वाहनाबद्दल दंड.

"गाडीच नाही हो," मी म्हणालो.

"गाडी नाही, तर ही धूळ कशावर बसलीय?" त्याने अंगणाकडे बोट दाखवलं. धूळ खरोखरच होती. मी दंड भरला आणि जागा धुऊन काढली. शेजारचे अब्बोस अका बघत उभे होते. "आता कशी चकचकीत दिसतेय!" ते म्हणाले.

बातमी एर्गाश अमाकींपर्यंत पोचली आणि ते गाडी बघायला आले. मी मनातल्या मनात झिलोलाचा निरोप घेतला. अमाकींनी धुतलेल्या रिकाम्या जागेभोवती एक फेरी मारली. त्यांच्याभोवती सगळी गल्ली जमली. गल्लीने आमचं मीठ खाल्लं होतं.

"पांढरी घेतलीय ना?" अमाकींनी विचारलं.

"दुधासारखी!" अब्बोस अका म्हणाले.

"आणि आवाज म्हणाल तर अजिबात नाही," महबूबा ओपांनी भर घातली.

अमाकींनी मला बाजूला घेतलं. आता शिव्या येणार म्हणून मी मान खाली घातली.

"खरं सांग," ते कुजबुजले, "तुझ्या गाडीचं दार पण आमच्या गाडीसारखंच लागतं का रे?"

"तुम्हीपण घेतलीत?"

"गेल्या शुक्रवारी. ओपा काय एकट्या तुझ्याच दारात आली होती?" त्यांनी घसा खाकरला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उत्तम गाडी आहे! लग्न उद्या!"

वरात निघाली. ज्यांचे ज्यांचे पुलाव झाले होते ते सगळे आपापली गाडी घेऊन आले. चार-चार माणसं चौकोन करून चालत होती, पुढचा डावीकडचा हात वर करून सुकाणू धरत होता आणि सगळे तोंडाने हॉर्न वाजवत होते. पुढे कर्नायवाले लांबलचक तुताऱ्या फुंकत होते. हवालदाराने चौक मोकळा केला, आम्हाला सलाम ठोकला आणि पट्टा न लावल्याबद्दल अब्बोस अकांना थांबवलं. बकलं बंदरातच आहेत, असं सांगितल्यावर त्याने सोडून दिलं.

झिलोलाच्या दारात मी मागचं दार उघडलं आणि अदबीने झुकलो. झिलोला पांढऱ्या झग्यात, उंच टाचांच्या चपलांत उभी होती. तिने माझ्या उघडलेल्या हाताकडे पाहिलं, माझ्या मागे घामाघूम झालेल्या तीन शेजाऱ्यांकडे पाहिलं.

"आत काय आहे?" तिने विचारलं.

"ऐसपैस जागा," मी म्हणालो.

"बस की गं पोरी, लोक थांबलेत," तिचे वडील म्हणाले. "जरा डोकं वाकवून बस, छत लागेल."

झिलोलाने डोकं वाकवलं नाही. तिने झगा गुडघ्यापर्यंत उचलला, तरातरा चालत मोठ्या रस्त्यावर गेली आणि हात आडवा केला. आमच्याकडे हात केला की कुठलीही येणारीजाणारी गाडी थांबते. एक हिरवट, चेपलेली, पत्रा लोंबणारी जुनी गाडी थांबली. झिलोलाने खिडकीतून भाड्याची घासाघीस केली, झगा आत कोंबला, दार तीनदा आपटून लावलं आणि गेली. कुठे गेली ते तिच्या वडिलांना अजून माहीत नाही.

मी हादरलो. पण तुल्किन अकांनी मला कार्यालयात बोलावून धीर दिला. जुन्या गाड्या ना आमच्या विक्रीत धरल्या जातात, ना उत्पादनात. त्यामुळे ती गाडी तिथे आलीच नव्हती आणि झिलोला तिच्यात बसलीच नव्हती. अधिकृतरीत्या ती अजून माझ्याच मागच्या सीटवर आहे. मला कुटुंबवत्सल ग्राहकाच्या वर्गात टाकण्यात आलं आहे आणि आईला दुसऱ्या गाडीच्या पुलावाची आठवण करून देण्यात आली आहे. पुढच्या वर्षाचा अंदाज घसघशीत वाढीचा आहे.

आणि तुम्ही हसू नका. वरात गल्लीतून निघाली तेव्हा तिला वाट द्यायला तुम्हीही मनातल्या मनात थोडे बाजूला सरकलात. आमच्या कार्यालयाने ते पाहिलं आहे. तुम्हाला एक गाडी विकली गेली आहे. मटण कधी आणताय तेवढं कळवा.