सहा आठवड्यांची हुग्गी

निशाला पहिल्यांदा खटकलं ते हे, की तिचं पोट दुखत नव्हतं.

पोट दुखत नाही म्हणून घाबरलेली बाई २००३ सालच्या त्या जानेवारीत अख्ख्या गडमुडशिंगीत ही एकच असणार. तशी निशा कशालाही घाबरायची. कुकरची तिसरी शिट्टी होणार हे ठाऊक असूनही ती तिसऱ्या शिट्टीला दचकायची. शाहूपुरीतल्या एका पतसंस्थेत ती क्लार्क होती (बी.एस्सी. बॉटनी, फर्स्ट क्लास, त्याचा पतसंस्थेला उपयोग एवढाच, की मॅनेजरांच्या टेबलावरचा मनीप्लँट तिच्याकडे सोपवलेला होता). तिथं मागून कुणी नुसतं 'मॅडम' म्हटलं तरी हातातला रबरी शिक्का भलत्याच कागदावर उमटायचा.

या खेपेच्या घाबरण्याला मात्र वैद्यकीय आधार होता. पोट दुखणं हे सध्या तिचं काम होतं, आणि ते डॉक्टरांनीच लावून दिलं होतं.

त्याचं असं झालं. लग्नाआधीची दहा वर्षं निशाचं आणि तिच्या पोटाचं पटत नव्हतं. जेवलं की फुगायचं, फुगलं की दुखायचं आणि मग जे व्हायचं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. वजन अडतीस किलो. लोहाच्या गोळ्या इतक्या खाऊन झालेल्या, की वडील म्हणायचे, हिला लोहचुंबकापासून लांब ठेवा. मग लग्न होऊन ती गडमुडशिंगीला आली आणि दोन महिन्यांत गालांवर रंग चढला. माहेरी, कोल्हापुरात, चार दिवस राहायला गेली की पुन्हा काडी होऊन परत. माहेरी आजारी पडून सासरी बरी होणारी मुलगी गल्लीनं याआधी पाहिली नव्हती. सासूची, म्हणजे अंजनाबाईंची, कीर्ती पार बसस्टॉपपर्यंत पोचली. लांबच्या आळीतल्या बायका आपापल्या सुना त्यांना दाखवायला आणू लागल्या. निशाच्या आईनं मात्र विहिणीशी बोलणं कामापुरतं केलं.

कोडं सोडवलं ते निशाच्या नवऱ्यानं. बुद्धभूषण गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. शब्दांच्या बाबतीत माणूस फार काटकसरी. एका रात्री जेवताना तो म्हणाला, "आपल्याकडं भाकरी असते. तुझ्या माहेरी चपाती." आणि पुन्हा जेवू लागला.

निशानं गहू सोडला, ऑफिसातली बिस्किटं सोडली. चार महिने पोटानं हूं की चूं केलं नाही. दुसरी कुणी असती तर इथंच हात झटकून मोकळी झाली असती. पण ज्या आजाराला नाव नाही तो आजार नक्कीच भयंकर असणार, असं निशाच्या मनानं घेतलं. आणि एका शनिवारी, नुसतं नाव विचारून येऊ म्हणून, ती पोटाच्या डॉक्टरांकडं गेली.

डॉक्टरांनी नाव सांगितलं : सिलिअ‍ॅक, असेल बहुधा. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, गव्हानं ती झडते. तोंडातून नळी घालून आतला बारीकसा तुकडा काढून तपासायचा. 'नळी' म्हटल्यावर निशा खुर्चीसकट मागं सरकली. पण आत्ता नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा ती अर्धी पुढं आली. आत्ता तुकडा काढण्यात अर्थ नव्हता, कारण गहू सोडल्यामुळं लव परत उगवायला लागलेली असणार. आधी सहा आठवडे रोज गहू खायचा, पोट दुखू द्यायचं आणि मग नळी घालायची.

"तोच आजार निघाला तर सोपं आहे," डॉक्टर म्हणाले. "गहू जन्मभर बंद, बाकी तुम्ही ठणठणीत. तो नाही निघाला, तर मग दुसरं काहीतरी शोधावं लागेल."

'दुसरं काहीतरी' हे दोन शब्द निशाबरोबर बसमध्ये बसून घरी आले.

चपाती बघूनच तिला मळमळू लागलं, तेव्हा कामगिरी आत्तींनी अंगावर घेतली. (सासूला आत्ती म्हणायचं ही त्यांच्या माहेरची, गडहिंग्लजकडची रीत.) आत्तींना जगात दोनच गोष्टींची भीती होती : सून पुन्हा अडतीस किलोची होईल याची, आणि घरातल्या टेलिफोनची. फोन वाजला की त्या परसात जाऊन उभ्या राहायच्या आणि तिथून "आरं, बोंबलतंय ते" म्हणून लेकाला हाक मारायच्या. त्या यंत्राला त्यांनी आजवर बोट लावलं नव्हतं. स्वयंपाकात मात्र त्या कुणाला भीत नसत. एरवी भीमजयंतीलाच शिजणारी हुग्गी, म्हणजे कांडून कोंडा काढलेल्या गव्हाची गूळ-खोबरं घातलेली खीर, आता रोज सकाळी चुलीवर चढली. निशा डोळे मिटायची, नाक दाबायची, वाडगाभर हुग्गी औषधासारखी घशाखाली ढकलायची आणि वर तांब्याभर पाणी प्यायची.

पहिले तीन दिवस काम चोख झालं. निशा भिंत धरून चालू लागली. चौथ्या दिवसापासून दुखणं ओसरत गेलं आणि नवव्या दिवशी काहीच नाही. पोट तळ्यासारखं शांत.

तिनं ऑफिसात बसून विचार केला. गहू खाऊनही दुखत नाही, याचा अर्थ तो आजार नाही. तो आजार नाही, याचा अर्थ दुसरं काहीतरी. बुद्धभूषणला सांगितलं तर तो म्हणाला, "बघू." आत्तींना सांगायची तर सोयच नव्हती. त्या बिचाऱ्या रोज पहाटे उठून कांडत होत्या, त्यांना तुमच्या हुग्गीत दम नाही असं कुठल्या तोंडानं सांगणार? शेवटी निशानं आपला आपण डोस वाढवला. पतसंस्थेच्या शेजारी आण्णांचा मिसळीचा गाडा होता. तिथून रोज अकरा वाजता मिसळ न घेता नुसते चार स्लाईस ब्रेड आणायचे आणि चहात बुडवून खायचे. (नुसता ब्रेड मागणारं गिऱ्हाईक आण्णांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते रोज एकदा विचारायचे, "रस्सा तरी न्या की ताई, आमचं काय चुकलं?")

तिसऱ्या दिवशी पोटात बारीकशी कळ आली. निशाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेबलावरच्या श्यामला मॅडमना ती म्हणाली, "सुरू झालं बाई एकदाचं." श्यामला मॅडमनी त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला आणि दुसऱ्या दिवशी कैरीच्या लोणच्याची बरणी आणून दिली.

दुखणं परत आलं आणि घरी हुग्गीचं काहीतरी बिघडत चाललं. तिसऱ्या आठवड्यात तिच्यातलं खोबरं गेलं. चौथ्यात खसखस आणि वेलदोडा गेला. पाचव्यात गूळही दिसेना. शेवटच्या आठवड्यात तर वाडग्यात नुसतं करड्या रंगाचं, मिठाचं काहीतरी यायचं. आत्ती आता पातेल्याकडं अशा बघत बसायच्या, जसं काही पातेलंच त्यांना फसवत होतं. कंटाळल्या असतील, असं निशानं धरलं आणि नाक आणखी घट्ट दाबलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नळीचा दिवस उगवला. निशानं आदल्या दिवशी बुद्धभूषणला चिठ्ठी लिहून ठेवली होती. तिच्यात कपाटाच्या किल्ल्या कुठं आहेत हे होतं, आईशी आत्तींचं बोलणं करून दे हे होतं आणि मनीप्लँटला एक दिवसाआड पाणी हेही होतं. उपाशीपोटी ती दवाखान्यात बसली. शेजारी आत्ती. त्यांनी सकाळपासून एक शब्द काढला नव्हता, आणि हे लक्षण चांगलं नव्हतं.

डॉक्टरांनी कागद बघत विचारलं, सहा आठवडे गहू रोज गेला ना पोटात?

निशा 'हो' म्हणायला तोंड उघडणार, तोच आत्ती म्हणाल्या, "न्हाय."

बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट वाकून आत बघू लागले.

"तीन दिस खाल्ला, डॉक्टर. पोरगी भिताडाला धरून चालाय लागली. अडतीस किलोची आणल्याली, भाकरी घालून घालून पंचेचाळीसची केली. तिला माझ्या हातानं परत इख घालू व्हय? चौथ्या दिसापास्नं जोंधळाच घातलाय मी हुग्गीत."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि निशाकडं पाहिलं. "तुम्हाला कळलं नाही? तुमचं बॉटनी ना?"

"गहू, ज्वारी, दोन्ही एकाच कुळातले," निशा म्हणाली. हे खरं होतं, पण त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गहू नाही, म्हणजे आज नळी नाही. चिठ्ठी फाडून टाकता येईल. घरी जाऊन जेवता येईल. ब्रेडचं या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. ती पर्सचा बंद हळूच खांद्यावर ओढू लागली.

"पर डॉक्टर," आत्तींचा आवाज एकदम खाली आला. तो इतका खाली येऊ शकतो हे निशाला माहीत नव्हतं. "जोंधळा घालूनबी हिचं पोट दुखायचं थांबंना. म्हणून खोबरं काढलं. खसखस काढली. शेवटाला गूळसुदिक काढला. नुस्ता जोंधळा आन मीठ, तरीबी दुखतंय. आता हिला जोंधळाबी सोसंना, तर ही जगायची काय खाऊन?"

आणि आत्तींनी पदर तोंडाला लावला.

निशाचा हात पर्सवरच राहिला. गेले चार आठवडे ही बाई पातेल्यात डोकावून काय शोधत होती, ते तिला आत्ता कळलं. गप्प बसलं तर नळी टळणार होती. पण आत्ती घरी जाऊन उद्या मीठही काढणार होत्या.

"आत्ती," ती म्हणाली, "जोंधळ्याचा दोष नाही. मी ऑफिसात ब्रेड खाते. रोज चार स्लाईस."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"कवापास्नं?"

"पोट दुखायचं थांबलं तेव्हापासून."

आत्तींनी पदर बाजूला केला आणि सुनेकडं अशा नजरेनं पाहिलं, की निशाला नळीच बरी वाटली. डॉक्टर मात्र खुर्चीत मागं रेलून हसत होते. चार आठवड्यांहून जास्त, रोज चार स्लाईस, म्हणजे काम भागलं, असं म्हणून ते उठले आणि हात धुवायला गेले. स्वतःच्या घाबरटपणानं तपासणी वाचवली आणि त्याच घाबरटपणानं पळायची वाटही बंद केली, असा निशाचा दुहेरी पराक्रम होता.

पुढच्या दहा मिनिटांबद्दल ती नंतर फारसं बोलली नाही. घशात कडू फवारा मारला, जीभ कुणा दुसऱ्याची असल्यासारखी झाली. डाव्या कुशीवर निजवलं, दातांत प्लास्टिकची कडी दिली. यंत्रानं टुंग केलं आणि ती दचकली. डॉक्टर म्हणाले, अजून काही केलेलं नाही. मग केलं. गिळा, गिळा, नाकानं श्वास घ्या, शाबास. दाराबाहेरून आत्ती मोठ्यानं बजावत होत्या, "निशा, भिऊ नगंस गं, मी हितंच हाय," आणि सिस्टर त्यांना गप्प करत होत्या. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं. हाताला जे लागलं ते निशानं गच्च धरून ठेवलं होतं. आता मरणार, आता मरणार असं तिनं मनात पाच वेळा म्हटलं. सहाव्यांदा म्हणणार तोच वॉर्डबॉय केरबामामा अगदी अदबीनं म्हणाले, "ताई, झालं कवाच. माझा अंगठा तेवढा सोडा."

रिपोर्ट दहा दिवसांनी, मंगळवारी चारनंतर, लॅबला फोन करून कळणार होता. निशानं लॅबचा नंबर घरच्या कॅलेंडरवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला आणि मंगळवारी चार वाजून एक मिनिटानं ती पतसंस्थेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातल्या कॉइन बॉक्सपाशी उभी राहिली.

लॅब एंगेज.

पाच मिनिटांनी लॅब एंगेज. सव्वाचारला एंगेज. जगात एवढे रिपोर्ट असतात का? निदान कुणाचा तरी आवाज ऐकावा म्हणून तिनं घरी फोन लावला. घरही एंगेज.

हे काही बरोबर नव्हतं. बुद्धभूषण शाळेत परीक्षेच्या ड्युटीवर, सहाच्या आत येणार नाही. घरी फक्त आत्ती, आणि त्या तर फोनला शिवत नाहीत. म्हणजे रिसीव्हर पडला असणार. तो आपोआप कसा पडेल? चोर आला असेल. किंवा आत्ती चक्कर येऊन पडल्या असतील आणि पडताना त्यांनी वायर धरली असेल. निशानं लॅब लावली, एंगेज. घर लावलं, एंगेज. लॅब, घर, लॅब, घर. मागं रांग लागली. एक गृहस्थ म्हणाले, "आवो ताई, आमालाबी घरदार हाय की." पाच वाजत आले. तिच्या डोळ्यांसमोर आता चोर, आत्ती आणि 'दुसरं काहीतरी' असे तिघं एकदम उभे होते. तिनं शेवटचं म्हणून घरचा नंबर फिरवला.

रिंग वाजली.

पहिल्याच रिंगला कुणीतरी फोन उचलला आणि इतक्या जोरात "जयभीम" म्हटलं, की रांगेतल्या गृहस्थांनीही हात जोडले. आवाज आत्तींचा होता. निशा दचकली आणि रिसीव्हर तिच्या हातून सुटता सुटता राहिला.

"निशा व्हय? आगं, कुटं हाईस तू? तासभर झाला त्या लॅबच्या पोरीला धरून बसलोय. एकेक शब्दाचा अर्थ काढून घेतला. गव्हाचंच हाय ते. दुसरं कायबी न्हाय. कळलं का? जोंधळा चालतोय, गूळ चालतोय, खोबरंबी चालतंय. भाकरी टाकतो, लवकर ये. ती पोरगी पैल्यांदा सांगाय तयार न्हवती, पेशंटलाच सांगणार म्हणाली. मग मीच निशा म्हणून सांगिटलं. तर म्हणाली, बाई, कागदावर डॉक्टरांनी पेशंट लई घाबरट हाय म्हणून लिवलंय, पर तुमच्या बोलण्यावरनं तसं काय वाटत न्हाय. मी म्हटलं, डॉक्टरांचं चुकलं. निशा पैल्यापास्नंच धीराची हाय."