प्रश्न क्रमांक नऊ

माणसाच्या मनातलं बाहेर काढण्याचे खात्रीचे मार्ग मानवजातीने आजवर दोनच शोधून काढले आहेत. एक पोलिसांचा आणि दुसरा प्रकट मुलाखतीचा. पैकी पहिल्यात निदान प्रश्न विचारणारा उत्तर ऐकतो.

आमच्या वाचनालयाच्या सभागृहाला चाळीस वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त कोणातरी नामवंताची मुलाखत घ्यावी, असं कार्यकारी समितीने एकमताने ठरवलं. पाच नामवंतांना पत्रं गेली. तिघांनी नकार दिला, एकाने उत्तरच दिलं नाही आणि एक आधीच वारले होते (पोच मात्र त्यांचीच सर्वांत आधी आली). तेव्हा हे सभागृह ज्यांनी बांधलं, त्या मिस्त्रीकाकांनाच बोलवावं, अशी सूचना पुढे आली. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, शेजारच्याच गल्लीत राहणारे. म्हणजे गाडीभाडं नाही. समितीला त्यांच्याविषयी अचानक फार आदर वाटू लागला.

मुलाखतकार म्हणून माझी निवड झाली. मी बसस्थानकावर गाड्या पुकारतो. 'आवाज भरदार आहे आणि माइकची सवय आहे,' असं चिटणीसांनी इतिवृत्तात नोंदवलं आहे. दोन्ही खरं आहे. फक्त वीस वर्षांत एकाही गाडीने मला उलट उत्तर दिलेलं नाही, हा तपशील कोणाच्या लक्षात आला नाही. माझ्याही नाही.

आमच्याकडे काम कसं शिस्तीत चालतं, ते सांगायला हवं. नव्वद मिनिटांचा कार्यक्रम. त्यात स्वागत दहा मिनिटं, अध्यक्षांचे दोन शब्द वीस मिनिटं (म्हणजे शब्दाला दहा), पाहुण्यांचा परिचय पंधरा, परिचय करून देणाऱ्याचा परिचय पाच, पुष्पगुच्छ तीन, आभार पंधरा. उरलेल्या बावीस मिनिटांत मुलाखत. प्रश्न नऊ, सगळे समितीने मंजूर केलेले आणि प्रत्येकावर चिटणीसांची सही. शिवाय मुलाखतकारासाठी बारा नियम. त्यांतला सातवा असा: 'पाहुणे भरकटल्यास त्यांना हळुवारपणे मूळ विषयावर आणावे.'

प्रश्नांची यादी द्यायला मी काकांच्या घरी गेलो. त्यांनी ती चष्मा लावून नीट वाचली आणि बाजूला ठेवली.

"हे बघ, मी हो म्हटलं ते एका गोष्टीसाठी," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात तुमच्या पंख्याचे हूक बसवायला गेलो होतो ना, तेव्हा बाल्कनीखालच्या तुळईला चीर दिसली. बोट जातं आत. बाल्कनी बंद करायला पाहिजे."

"चिटणीसांना सांगितलंत का?"

"सांगितलं. म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. म्हणाले, विषय सभेपुढे घेऊ. म्हणून म्हटलं, चारशे माणसांसमोरच सांगतो. मग बघू कोण दाबतंय."

मी यादी पाहिली. "नववा प्रश्न आहे, 'सभागृहाविषयी आणखी काही सांगाल का?' तिथे सांगा."

"पहिल्याला नाही चालणार?"

"पहिला बालपणाचा आहे, काका."

काकांनी चष्मा काढून ठेवला. शिस्तीपुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही.

तरीही मी चिटणीसांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "अरे, चाळीस वर्षं पडली नाही, ती काय तुझ्या मुलाखतीची वाट बघत थांबलीय? बाल्कनीचे एकशेवीस पास वाटून झालेत. त्यातले चार तर तुझ्याच घरी आहेत." हेही खरंच होतं. आई, बायको, बहीण आणि मेहुणे, बाल्कनीत पहिली रांग. घरी मी चिरेचं बोललो नाही. बायको उगाच काळजी करत बसते. खरं सांगतो, भीती मलाही वाटत होती. पण ती बाल्कनीची नव्हती, आपलं हसं होईल याची होती.

कार्यक्रमाच्या दिवशी परिचय मीच वाचला. समितीच्या नमुना परिचयात प्रत्येक पाहुणा 'अत्यंत मिश्कील स्वभावाचा' असतो, तेव्हा काकांनाही मी तसंच म्हटलं. ते कपाळावर आठी घालून वर बाल्कनीकडे बघत होते.

पहिला प्रश्न विचारला, बालपण कसं गेलं?

"विटा उचलण्यात. आता ती बाल्कनी आहे ना..."

"वा! आणि बालपणीच्या खोड्या?" मी हळुवारपणे विचारलं.

दुसरा प्रश्न गुरूंविषयी होता. "गुरूंनी एकच शिकवलं, चीर दिसली की आधी माणसं हलवायची. ही वरची..." मी त्यांना गुरूंवर परत आणलं. सोळा मिनिटांत मी त्यांना एकूण अकरा वेळा परत आणलं. याला संयमच लागतो.

चौथा प्रश्न होता, आवडता रंग कोणता.

"सिमेंटचा," काका म्हणाले. "वर बघा, कुठे काळा पडलाय तो."

सभागृह हसून लोटपोट झालं. पुढच्या रांगेतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका डोळे पुसत म्हणाल्या, "किती मिश्कील!" मी मनात म्हटलं, जमलं बुवा आपल्याला.

पाचवा प्रश्न संपताना चिटणीसांची चिठ्ठी आली. 'आवरा.' (अध्यक्षांचे दोन शब्द सव्वीस मिनिटांपर्यंत लांबले होते.) काकांनी चिठ्ठी वाचली नाही, माझं तोंड वाचलं. नववा प्रश्न येत नाही, हे त्यांना कळलं. ते उठले, माझ्या हातातला माइक घेतला आणि म्हणाले, "वर बसलेल्यांनी एकेक करून खाली या. घाई करू नका. ती तुळई गेलीय."

मग बाल्कनीतून असा हशा उठला की विचारू नका. लोक उभे राहिले, टाळ्या सुरू झाल्या. काही रसिकांनी पाय आपटून दाद दिली.

"टाळ्या नका वाजवू," काका हात जोडून म्हणाले. "पाया पडतो तुमच्या!"

टाळ्या दुप्पट झाल्या.

सगळ्या बाल्कनीतून एकच बाई हलली. तिने सासूचा दंड धरला आणि तिला जिन्याकडे चालवलं. माझी बायको माझा पहिला कार्यक्रम अर्धवट सोडून निघाली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी माइक माझ्या हातात परत दिला. "तू सांग," ते हळूच म्हणाले. "तुझं ऐकतात लोक."

ऐकतात हो. वीस वर्षं माझ्या एका पुकाऱ्यावर माणसं पोरंबाळं, पिशव्या घेऊन या फलाटावरून त्या फलाटावर धावलेली आहेत. कशासाठी, हे कोणी कधी विचारलं नाही. मी माइक तोंडापाशी नेला. दुसऱ्या हातात चिठ्ठी होती.

"आता आभारप्रदर्शन," मी म्हणालो.

घरी बायको म्हणाली, "तो म्हातारा हात जोडत होता. तुला दिसलं नाही?"

दिसलं होतं. वेळ नव्हता, असं मी सांगितलं. ती अजून माझ्याशी फारशी बोलत नाही.

कार्यक्रम कमालीचा यशस्वी झाला. दोनशे चौदा अभिप्राय आले. त्यांपैकी दोनशे आठ जणांना काकांचा विनोद आवडला, पाच जणांना चहा थंड वाटला. एकाच पत्रकावर 'बाल्कनीचं काय?' असं लिहिलेलं होतं. अक्षर माझ्या ओळखीचं होतं, म्हणून मी ते मोजणीत धरलं. नसतं धरलं तर घरी जेवण मिळालं नसतं. बाल्कनी अजून उभी आहे, हा चिटणीसांच्या मते पुरावाच आहे. काका मात्र हल्ली प्रत्येक कार्यक्रमाला बाल्कनीच्या जिन्यात आडवे बसतात आणि 'वर जाऊ नका' म्हणतात. लोक त्यांच्यासोबत फोटो काढून वर जातात.

पुढच्या महिन्यात दुसरी मुलाखत आहे. मुलाखतकार पुन्हा मीच. पास मागायला लोकांची रीघ लागली आहे, आणि काकांच्या सिमेंटच्या रंगावर ज्या अर्थी तुम्हीही मघाशी हसलात, त्या अर्थी तुम्हीही येणारच. फक्त खालच्या पुढच्या सहा रांगा समितीच्या घरच्यांनी या वेळी आधीच राखून ठेवल्या आहेत (विशेष कारण काही नाही). बाल्कनी संपूर्ण तुमची आहे.

नक्की या, आणि टाळ्या अगदी मनापासून वाजवा.