लालटेन चाचांचा पोपट

योगराजला सुरतेजवळच्या इच्छापोरच्या एका कारखान्यात नोकरी लागणार, हे जवळजवळ पक्कं झालं होतं. तिथल्या सुपरवायझरने त्याचे दंड चाचपून पाहिले होते, 'रात्रपाळी चालेल ना' असं विचारलं होतं आणि 'सोमवारी ये' असंही सांगितलं होतं. अडलं होतं ते एका कागदापाशी. शाळा सोडल्याचा दाखला हवा होता.

ही नोकरी त्याला का हवी होती, ते त्याचे हात बघून कुणीही सांगितलं असतं. पलसाण्याच्या रंगाई कारखान्यात राबून त्याच्या बोटांत रंग असा मुरला होता की साबण, रॉकेल, राख, सगळं हरलं. आज कोणत्या रंगाचा माल निघाला, हे घरच्यांना त्याच्या हातातल्या भाकरीवरून कळायचं. आई, सुभद्राबाई, एकदा ताटाकडे बघतच राहिली. "बेटा, भाकर निळी व्हई गयी रे," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून उठून गेली. त्या दिवशी योगराजने ठरवलं, पलसाणा सोडायचा म्हणजे सोडायचा.

म्हणून तो गोडादऱ्याजवळच्या आपल्या जुन्या मराठी शाळेत गेला. दाखला मागायला जाणं ही काय गोष्ट आहे का, असं ज्यांना वाटतं, त्यांनी आयुष्यात एकदाही दाखला मागितलेला नाही, एवढंच म्हणता येईल.

हेडमास्तर श्रीरंग सर खुर्चीत बसून दात कोरत होते. "कुठल्या सालचा तू?"

"ब्याण्णवला सातवी झालो, सर."

सरांची काडी तोंडातच थांबली. "म्हणजे टीव्हीच्या बॅचचा!" असं म्हणत ते चक्क उभे राहिले. सर विद्यार्थ्यासाठी उभे राहिल्याचं त्या शाळेच्या भिंतींनीही पाहिलं नव्हतं. "लोटू! अरे लोटू! चहा आण. दोन!"

चहाचं नाव ऐकताच योगराज सावध झाला. सरकारी माणूस आपल्याला चहा पाजतो तेव्हा आपलं काहीतरी जाणार असतं, हे त्याला सुरतेने शिकवलं होतं.

झालं होतं असं. 'लालटेन चाचा' हा मुलांचा शैक्षणिक कार्यक्रम बंद होणार होता. घरोघरी केबल आली होती आणि सकाळी अकरा वाजता चाचांकडून ज्ञान घ्यायला कुणाला वेळ नव्हता. तेव्हा शिक्षण विभागाने ठरवलं की कार्यक्रमाला इतमामाने निरोप द्यायचा. ज्या शाळांना या कार्यक्रमासाठी टीव्ही संच दिले होते, त्या प्रत्येक शाळेने एक माजी विद्यार्थी उभा करावा आणि त्याने कार्यक्रमाच्या गोड आठवणी सांगाव्यात. या प्राण्याला विभागाने नाव दिलं होतं 'भावनिक लाभार्थी'. जिल्ह्याचे अधिकारी शनिवारी स्वतः येणार होते.

"तू बोलायचंस," सर म्हणाले. "शेवटी डोळे पुसायचे. दाखला तयारच आहे, सही तेवढी शनिवारी करतो."

"पण सर," योगराज चाचरला, "आपला टीव्ही तर कधी उघडलाच नाही."

लोटूने चहाचे कप ठेवले आणि दार लोटून घेतलं. लोटू शिपाई असला तरी कुठे दार लोटायचं, हे त्याला बरोबर समजायचं.

योगराज बोलला ते अक्षरशः खरं होतं. संच आला तेव्हा शाळेने वाजतगाजत आणला होता. पण खोकं उघडलं की संचाची जबाबदारी मुख्याध्यापकांची, असा नियम होता. न उघडलेल्या खोक्याची जबाबदारी कुणाची, याविषयी नियम गप्प होता. श्रीरंग सर नियमाने चालणारे गृहस्थ. त्यांनी खोकं स्टूलवर ठेवलं आणि अँटेनासाठी अर्ज केला. अँटेना दुसऱ्या खात्याकडे होती आणि गच्ची तिसऱ्या. प्लेगच्या वर्षी अर्धी वस्ती बोचकी उचलून खानदेशात पळाली, तेव्हा सरांनी खोलीला कुलूप घातलं आणि चावी घेऊन अमळनेर गाठलं. मुलं आपापली पळाली. संच सुरक्षित राहिला.

पण म्हणून शिक्षण थांबलं असं कुणी समजू नये. वेळापत्रकात दूरदर्शनची तासिका होती आणि ती रोज व्हायची. अकराच्या ठोक्याला मुलं खोलीत यायची, मांडी घालून, हाताची घडी घालून खोक्यासमोर बसायची आणि तास संपेपर्यंत खोक्याकडे बघायची. बोलायचं नाही, हलायचं नाही. खोक्याच्या दर्शनी बाजूवर टीव्हीचं चित्र छापलेलं होतं आणि त्या टीव्हीच्या पडद्यावर एक पोपट होता. दसऱ्याला कारखान्यात जसे यंत्रमाग पुजतात, तशी इथे खोक्याची पूजा व्हायची. झेंडूचा हार, नारळ, पेढा. वर्षानुवर्षं हळदकुंकू बसून पोपटाचा मूळ रंग कोणता, हे ओळखू येईनासं झालं होतं. चोच तेवढी दिसायची. लालटेन चाचा म्हणजे माणूस, बाहुला की खरोखरचा कंदील, हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांनाही नव्हतं.

"तू तासिकेला हजर होतास की नव्हतास?" सरांनी विचारलं.

"होतो."

"समोर बघत होतास?"

"हो. पण खोक्याकडे."

"खोक्यात काय होतं?"

"टीव्ही."

"मग झालं! तू रोज तासभर टीव्ही बघितलास. यात खोटं काय आहे, दाखव मला."

योगराजने खूप शोधलं. खोटं कुठे आहे ते त्याला सापडेना.

"बरं, बोलू काय मी? चाचा कसे होते ते कुठं माहितीय?"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "चाचांचं नाव घेऊ नकोस. पोपटाबद्दल बोल. पोपट आपण पाहिलेला आहे."

शनिवारी मांडव पडला. व्यासपीठाच्या मध्यभागी हार घातलेलं खोकं, त्याच्या एका बाजूला श्रीरंग सर, दुसऱ्या बाजूला जिल्ह्याचे अधिकारी जरीवाला साहेब. समोर पालक, माजी विद्यार्थी आणि पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसलेली सुभद्राबाई. योगराज उभा राहिला. डोळ्यांपुढे सोमवार होता आणि निळी भाकर होती.

"आम्ही गरिबाची पोरं," तो म्हणाला. "आमचे आईबाप मागावर. आम्हाला जग दाखवलं ते त्या पोपटाने. तो फार गोड बोलायचा. म्हणायचा, मुलांनो, प्रश्न विचारा, घाबरू नका."

हे शेवटचं वाक्य कुठून आलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. पण मांडवात कुणीतरी नाक ओढलं. मग त्याच्याच बाकावर बसणारा ललित उठला. "आणि तो शिट्टी मारायचा!" तो ओरडला. "आठवतं का रे, सुरुवातीला शिट्टी मारायचा!" मागून एक बाई म्हणाली की हो, आणि पेरू पण खायचा. टाळ्यांचा नुसता गजर झाला. योगराज तोंड उघडं टाकून बघत राहिला. ललित तासिकेला डोळे उघडे ठेवून झोपायचा, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आता जरीवाला साहेब उठले आणि खोक्याकडे वळले. श्रीरंग सरांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांनी हार बाजूला केला, खोक्यावरची चिकटपट्टी बोटाने चाचपली. पट्टी जशीच्या तशी होती. त्यांनी वाकून खोक्याला नमस्कार केला.

"बहु सरस!" ते म्हणाले. "भाईओ, बाकीच्या शाळांत जाऊन बघा. कुठे चित्र हलतं, कुठे आवाज नाही, कुठे बटण तुटलेलं. मुलांनी संच बघून बघून खराब करून टाकले! आणि ही शाळा! इतकी वर्षं कार्यक्रम झाला, मुलांच्या डोळ्यांत पाणी आहे आणि संचाला ओरखडा नाही!"

जिल्ह्यातली आदर्श दूरदर्शन शाळा म्हणून श्रीरंग सरांना तिथेच शाल मिळाली. ज्या शाळांनी खोकी फोडून मुलांना कार्यक्रम दाखवला होता, त्यांच्या मुख्याध्यापकांना सोमवारी खुलाशाच्या नोटिसा जाणार असल्याचंही साहेबांनी जाहीर केलं.

फोटो काढताना साहेबांनी योगराजला जवळ ओढलं. "दीकरा," ते हळूच म्हणाले, "खरंच पोपट होता? इतकी वर्षं या कार्यक्रमाचा कारभार माझ्याकडे, पण आमच्या ऑफिसचा संच अजून खोक्यातच आहे. मला वाटायचं, कुणीतरी म्हातारा असेल कंदीलवाला. बरं झालं, तू सांगितलंस. अहवालात पोपट लिहितो."

सरांनी शब्द पाळला. दाखल्यावर सही झाली, शिक्का उठला. योगराज घरी आला आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू त्याला आवरेना. "आई," तो म्हणाला, "अगं कसला पोपट नि कसलं काय! ते रिकामं नाटक होतं."

सुभद्राबाई चुलीपाशी होती. ती हसली नाही. "असं कसं म्हणस तू?" ती म्हणाली. "माले चांगलं याद शे. तू घर ईसन रोज सांगे, आज पोपट असं बोलना, आज तसं बोलना. मी भाकर टाके नि तू सांगे."

"आई, मी काहीच सांगितलं नव्हतं!"

"सरनी तुले शिकाडं नि तू सरले खोटं पाडस?" तिने पदर डोळ्यांना लावला. "आम्ही तुम्हले दुसरं काय दिधं रे? तेवढा एक पोपट व्हता!"

योगराज जेवायला बसला. आईच्या डोळ्यांतलं पाणी काही खोटं नव्हतं, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. पेपरात फोटो आला. वस्तीत ललितची शिट्टी आणि त्या बाईचा पेरू यांवरून दोन तट पडले, ते वेगळंच.

सोमवारी तो इच्छापोरला पोचला. सुपरवायझर मारुती साहेबांनी दाखला उजेडात धरून पाहिला. "हे बघ," ते म्हणाले, "बोगस दाखले घेऊन येणाऱ्यांची हितं रांग लागलीया. शिक्क्यावर माझा इस्वास नाही. पेपरात वाचलं, त्याच शाळेचा म्हणतोस ना तू? मग त्या पोपटाचं सांग."

योगराजला वाटलं, बस झालं. नवी नोकरी, नवी सुरुवात. इथे तरी खरं बोलू. "साहेब, खरं सांगू? आमच्या शाळेत टीव्ही खोक्यातच होता. पोपट-बिपट कुणीच पाहिला नाही."

मारुती साहेबांनी दाखल्याची घडी केली आणि त्याच्यापुढे सरकवली. "वाटलंच होतं मला. दाखला बोगस हाये. त्या शाळेत शिकलेला माणूस असं बोलायचाच नाही. चल, निघ."

योगराज दारापर्यंत गेला. दाराच्या मुठीवर त्याला आपली रंगलेली बोटं दिसली. तो मागे फिरला.

"गंमत केली, साहेब. तुम्ही ओळखता का ते बघत होतो. पोपट होता. सुरुवातीला शिट्टी मारायचा. प्रश्न विचारा, घाबरू नका, असं म्हणायचा."

साहेबांचा चेहरा एकदम सैल पडला. "आरं, आमच्या शाळेत पण बघायचो की आम्ही!" ते म्हणाले. "काय दिवस होते राव! तरी एक शेवटचं सांग. रंग कोणता होता त्याचा?"

योगराजने क्षणभर विचार केला आणि रंग सांगितला.

"बरोब्बर!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "उद्यापासून ये."

आता वाचकहो, एक विचारतो. या एवढ्या गोष्टीत पोपटाचा रंग मी एकदाही लिहिलेला नाही. मागे जाऊन हवं तर बघून घ्या. तरी तो कोणता, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे, हो ना? हिरवा म्हणालात?

बरोब्बर. या, दाखला तयार आहे.