ऑयलीचं प्रात्यक्षिक

माझ्या घराइतकं सुरक्षित घर तुम्हाला शोधून सापडणार नाही! टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, प्लगांना चिकटपट्टी, कपाटांना कुलपं. पाय अडकून कुणी पडायला नको म्हणून गालिचासुद्धा गुंडाळून माळ्यावर टाकलाय. स्वयंपाकघराच्या दाराला तर कमरेएवढं फाटक! कारण आमची लेक रांगते. रांगते कसली, सुटते! म्हणून तिचं नाव रॉकेट.

अशा कडेकोट बंदोबस्तात मी लॅपटॉपसमोर मुलाखतीला बसले. इंग्रजीच्या शिकवणी वर्गाला शिक्षिका हवी होती. बाळंतपणानंतरची माझी ही पहिलीच मुलाखत. ही हुकली तर पुढची कधी, कोण जाणे! शिकवून दाखवायला शब्द दिला होता 'ऑयली'. अर्थ सांगा, वापर दाखवा. मी म्हटलं, नुसतं 'तेलकट' सांगून भागवेल ती मी नव्हे! कागदावर तेलाचा थेंब टाकून दाखवणार. बाटली टेबलावर, रॉकेट सासूबाईंकडे. चोख!

पडद्यावर मुलाखत घेणारे मॅडम आणि सर आले. मी झोकात बाटलीचं झाकण काढलं. तेवढ्यात खालून कुणीतरी माझी ओढणी खेचली. ओढणीबरोबर बाटली गेली आणि सगळं तेल जमिनीवर!

"आई, हिला धरा ना!" मी दबक्या आवाजात.

"कशी धरू? दूध गरम करायला स्वयंपाकघरात आले आणि तुझं हे फाटक अडकून बसलं! उघडत नाहीये मेलं!"

रॉकेटने तेलात दोन्ही हात थापटले, खुदकन हसली आणि निघाली. समोरचं दार सासूबाईंनी वाऱ्यासाठी सताड उघडं ठेवलेलं. दाराबाहेर जिना! मी ताडकन उठले आणि पुढच्याच क्षणी जमिनीवर आडवी!

"अहो, बाई दिसेनाशा झाल्या," लॅपटॉपमधून सर म्हणाले.

लेक आणि नोकरी, दोन्ही एकदम हातातून निसटत होत्या. "ऑयली फ्लोअर!" मी खालून किंचाळले.

"वा! आणखी एक उदाहरण?"

मी खुर्ची धरून उठायला गेले. हात सटकला. "ऑयली हँड्स!"

"आणखी?"

रॉकेटचा पाय मुठीत आला आणि साबणाच्या वडीसारखा निसटला. "ऑयली बेबी! आई गं, जिना!"

"अगं, जिना कशाला घेतेस उदाहरणात?" सासूबाई फाटकावरून ओरडल्या. "पोरीला घे आधी!"

दिलं अंग झोकून! पोटावर घसरत गेले ती थेट उंबरठ्याला आडवी, रेल्वेच्या फाटकासारखी. रॉकेट येऊन पोटावर आपटली आणि टाळ्या वाजवू लागली. माझे मात्र दात कडकड वाजत होते. पहिली पायरी माझ्या कोपराला लागत होती हो!

लेकीला काखोटीला मारून, भिंत धरत, घसरत कशीबशी टेबलाशी पोचले. केसांतून तेल गळत होतं. गेली नोकरी!

"माणसाच्या बाबतीत हा शब्द कसा वापराल?" मॅडमनी विचारलं.

डोकं बधिर झालेलं. सुचेल ते बोलत सुटले, "मॅडम, काय प्रश्न विचारलात! तुमच्यासारखी विदुषी मी पाहिली नाही! सर, तुमचा आवाज ऐकतच राहावंसा वाटतो! तुम्ही शिकवता म्हणजे मुलांचं भाग्यच हो!"

दोघं टाळ्या पिटायला लागले. "परफेक्ट! असाच तोंडावर गोड गोड बोलणारा माणूस!"

मी तर अगदी मनापासून बोलले होते!

"तुमची पद्धत फार आवडली," सर म्हणाले. "पुढच्या फेरीतही असंच प्रत्यक्ष करून दाखवा. बाळासकट! शब्द आहे 'शार्प'."

लॅपटॉप बंद केला आणि घरातल्या सगळ्या सुऱ्या, कात्र्या, अगदी सुया-टाचण्यासुद्धा शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवल्या. आता सासूबाई भाजी हाताने मोडतात आणि मोडता मोडता माझ्याकडे बघतात. घरात धार उरलीय ती तेवढ्या नजरेलाच. मुलाखतीत तीच दाखवावी म्हणतेय, पण त्यांना कॅमेऱ्यासमोर बसा म्हणून सांगणार कोण?