मण्याचा ताबा

“उंबऱ्यावरून काही देऊं नको, घेऊं नको, गे. अन् मण्यास वाढल्याबिगर तूं पानावर बसूं नको.”

सासूबाई जाताना एवढंच सांगून गेल्या. तंजावरची माणसं, कमी बोलायची. विशालाक्षीबाईंनी त्यांच्या उशाशी बसून ‘हो’ म्हटलं होतं, आणि चेन्नईच्या फ्लॅटला नावाला दोन बोटं उंबरा असला तरी त्यावरून त्यांनी आजवर दुधाची पिशवीसुद्धा घेतली नव्हती. दूधवाला आत येई, किंवा त्या बाहेर जात. मण्या कुत्राही आता म्हातारा झाला होता, पण रोज त्याचं पान आधी वाढलं जाई.

आता काशीयात्रा ठरली होती. घर आणि कुत्रा दोन्ही सांभाळणारी एक कंपनी यजमानांनी, म्हणजे सत्यनारायणरावांनी, फोनवर शोधली. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात सारा जन्म तपासनीस म्हणून काढल्यामुळे नियमावली जितकी लांब तितका त्यांचा विश्वास दांडगा. ही नियमावली वाचता वाचता त्यांना दोनदा डुलकी लागली. कंपनी उत्तम होती.

निघायच्या दिवशी कंपनीची भव्या वेळेवर आली. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन, घरी मराठी आणि बाहेर तमिळ बोलणारी हसरी मुलगी.

“या, आत या गे, कॉफी घ्या,” विशालाक्षीबाई म्हणाल्या.

“नाही आंटी. किल्ली मिळायच्या आधी आत आले तर घुसखोरी होते. तुम्ही आत उभ्या राहा, मी बाहेर. दारात किल्ली द्या, फोटो निघेल, संपलं.”

“दारात? उंबऱ्यावरून?”

“हो, मधोमध. फोटोत उंबरा दिसला पाहिजे.”

“अय्यो! मग मी बाहेर येऊन देते की.”

“मालक बाहेर असले तर घर सोडून दिलेलं धरतात आंटी. सोडून दिलेल्या घराची किल्ली घेता येत नाही.”

सत्यनारायणरावांनी मान डोलावली. त्यांना मुद्दा पटला होता. राहुकाळ जवळ येत होता आणि खाली टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता, पण मुद्दा मुद्द्याच्या जागी होता.

भव्यानं पुण्याच्या कार्यालयात फोन लावला. मकरंद नावाचे अधिकारी अतिशय सौजन्यानं बोलले. “मॅडम, आपल्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. ‘आदर’ या विभागात तशी नोंदही घेतली आहे. किल्ली खिडकीतून देता का?”

“खिडकीतून काय द्यायचं ते चोरास, बाबा.”

“बरोबर. मग नियमात एक सोय आहे. घरात राहणाऱ्या तिसऱ्या सदस्यामार्फत किल्ली देता येते. घरात आणखी कोण राहतं?”

सगळ्यांनी खाली पाहिलं. मण्यानं शेपटी हलवली.

कुत्र्यानं उंबऱ्यावरून काही न्यावं की नाही, याबद्दल सासूबाई काही बोलल्या नव्हत्या. विशालाक्षीबाईंनी मनात देवाची क्षमा मागितली आणि किल्ली मण्याच्या पट्ट्याला बांधली. नवराबायको बॅगा घेऊन बाहेर आली. आता मण्यानं चार पावलं टाकायची, की झालं.

मण्यानं बॅगा पाहिल्या. आपल्याला टाकून ही दोघं निघाली, हे ओळखायला त्याला नियमावली लागली नाही. तो वळला आणि पलंगाखाली जाऊन बसला. इतक्यात वारा आला, दार आपटलं आणि कुलूप आपोआप बसलं.

भव्याचा फोन टिणटिणला. तिचा चेहरा खुलला. “झालं आंटी! ‘किल्ली स्वीकारली, ताबेदार श्री. मणी.’ हिरवी खूण आली!”

“अगो, पण तुम्ही आत कशा जाणार?”

“ताबा आता त्यांच्याकडे आहे. त्यांनी परवानगी दिली की जाईन. त्यांच्या नंबरवर ओटीपी गेलाय.”

कंपनीच्या अर्जात मण्याच्या नावासमोर सत्यनारायणरावांनी सासूबाईंचा जुना नंबर दिला होता. रकाना रिकामा ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तो नंबर सासूबाईंमागोमाग बंद झाला होता.

“दुसरी किल्ली आहे ना गं तुझ्याकडे?” त्यांनी विचारलं.

होती. विशालाक्षीबाईंच्या कमरेला खोचलेली होती. पण दोन्ही किल्ल्या परक्या हाती गेल्या तर लक्ष्मी राहील का? आणि यात्रेला निघालेल्या माणसानं परत घरात पाऊल टाकायचं नसतं. त्या पुटपुटल्या, “निघताना असलं काही विचारू नये.”

“सेरि, सेरि, बरं,” यजमान म्हणाले. “सगळं हिरवं आहे म्हणतात ना? चल.”

काशीच्या रेल्वेगाडीत बसल्यावर सत्यनारायणरावांनी फोनवर कंपनीला पाच चांदण्या दिल्या आणि ते झोपी गेले. समोरच्या बाई हसून म्हणाल्या, “आम्हीपण त्यांच्याकडेच दिलंय घर. मांजर आहे आमचं. काही बघावं लागत नाही.” त्यांच्या फोनवरही सगळं हिरवं होतं. डब्यात ज्यानं त्यानं आपापला फोन काढून पाहिला आणि समाधानानं खिशात ठेवला. वाचकांनीही आपला काढून पाहायला हरकत नाही. हिरवंच असेल.

विशालाक्षीबाईंनी दहीभाताचा डबा उघडला. घास उचलणार, तोच फोन वाजला. बंद दाराचा सुंदर फोटो आला होता. कोपऱ्यात भव्या पायरीवर बसलेली दिसत होती. खाली लिहिलं होतं: ‘दुपारचं जेवण: ताबेदाराच्या विचाराधीन. आपला अनुभव कसा होता?’

दुसरा फोटो, यजमानांनी नियमावलीप्रमाणे घरात बसवून घेतलेल्या कॅमेऱ्याचा होता. मण्या रिकाम्या ताटलीशी, दाराकडे तोंड करून बसला होता. गळ्यात किल्ली होती.

घास डब्यात परत गेला. सासूबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली पाळायला नुसतं दारात अडून बसावं लागे, ती त्यांनी आज जिवापाड पाळली. दुसरी त्यांनी कंपनीला देऊन टाकली होती.

सिग्नल न मिळाल्यानं गाडी चेन्नईबाहेरच्या गुम्मिडिपूंडी स्टेशनात फलाटाला थांबली. यजमान घोरत होते. त्यांच्या हातात फोन होता आणि फोन हिरवा होता. विशालाक्षीबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि कमरेची किल्ली चाचपली.

“उतरताय? इथं?” समोरच्या बाईंनी विचारलं.

“यजमान उठले तर सांगा, मी काशीची पुढची गाडी धरते.”

“काही राहिलं का घरी?”

“हो,” त्या हळूच म्हणाल्या. डबा पदराखाली धरून त्या फलाटावर उतरल्या, आणि चेन्नईकडे जाणाऱ्या लोकलच्या फलाटासाठी पुलाच्या पायऱ्या चढू लागल्या.